पळताना तापणारी गाडी

एग्मोर स्टेशनच्या मागे, रुळांच्या कडेने जाणाऱ्या गल्लीत दत्ताजीरावांचा मोटार दुरुस्तीचा कारखाना होता. आत गाड्या उभ्या करायच्या पाच जागा. पहिल्या चार जागांवर ब्रेक, स्प्रिंगा, ग्रीस अशी रोजची कामे चालत. पाचवी जागा उत्तरेच्या भिंतीशी, खिडकीखाली. तिथे जाड सागवानी टेबल, पकड आणि वर टांगलेली साखळी-कप्पी. इंजिन उघडायचे ते तिथेच. एकोणीसशे अठ्ठेचाळीसपासून त्या जागेवर राणोजी काम करी. एकोणसाठच्या जानेवारीत, पोंगलच्या आदल्या आठवड्यात, ती जागा त्याच्याकडून काढून घेतली गेली.

कारण होते एक हिरवी, दोन दारांची विलायती गाडी. ती होती व्यासराज वकिलांची. व्यासराज तिशीचे, हायकोर्टात नुकताच जम बसू लागलेला, घर नुंगंबाक्कमला. शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत, त्यांत एकदा तरी उतरायचे हा त्यांचा छंद. गाडी मुळात साधी होती. ती जलद करायचे काम त्यांनी दत्ताजीरावांकडे दिले आणि दत्ताजीरावांनी ते राणोजीवर सोपवले. राणोजीने इंजिनाचे हेड, म्हणजे वरचे झाकण, घासून दाब वाढवला, एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवले, आणि वारा अडू नये म्हणून गाडीच्या पोटाखाली ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा ठोकला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, गाडी मालकाच्या हवाली झाली. दोन महिने ती बाणासारखी गेली.

डिसेंबरात ती तापू लागली. शोलावरमला सरावाच्या पहिल्या खेपेला तिसऱ्या फेरीत पाणी उकळले. जानेवारीतल्या दुसऱ्या खेपेला दुसऱ्याच फेरीत रेडिएटरच्या टोपीतून वाफेचा फवारा उडाला आणि कठड्याशी उभ्या असलेल्या कोणीतरी तमिळमध्ये विचारले, कापी, म्हणजे कॉफी, तयार झाली का. सगळे हसले. दत्ताजीराव हसले नाहीत.

परतल्यावर त्यांनी राणोजीला समोर उभे केले.

"हेड किती घासलंस?"

"सांगितलं होतं तेवढंच. साठ हजारांश इंच."

"मग ही गाडी आहे की इडली वाफवायचं भांडं?"

"हेडचा दोष नाही, राव."

"दोष कुणाचा ते मला ठाऊक नाही. काम तुझ्या हातचं आहे. आता गावभर होईल की दत्ताजीकडं इंजिन दिलं की उकळून परत येतं." मग जरा खालच्या आवाजात ते म्हणाले, "फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी शर्यत आहे. तोवर ही एक गाडी तुझी. बाकी इंजिनांना हात लावायचा नाही, ब्रेकवर बस. शर्यतीत पुन्हा उकळली तर बंगळूरहून माणूस बोलावतो. मग टेबल त्याचं."

राणोजीचे वय तेव्हा सत्तेचाळीस. जन्म तंजावरचा. वडील हरिकथेला मृदंग वाजवीत. राणोजीने मृदंग शिकावा अशी त्यांची इच्छा होती, पण लहानपणीच उसाच्या चरकात डाव्या हाताची दोन बोटे चेंगरली आणि ते राहून गेले. मग वडिलांनी त्याला बुवांच्या मागे तंबोरा धरायला बसवले. सहा वर्षे, रात्रीच्या तीन-तीन तासांच्या कथांमध्ये, तो चार तारा छेडत बसून राहिला. गाणे त्याला कधी आले नाही. पण सूर एक केसभर चढला तरी त्याच्या मानेवर मुंगी चालल्यासारखे होई. पुढे मद्रासला येऊन तो लढाईच्या काळात लष्कराच्या लॉऱ्यांवर कामाला लागला आणि तिथे इंजिन शिकला. शाळेचा दाखला नाही, परीक्षा नाही. जे काही होते ते त्या टेबलावरचे नाव. ब्रेकच्या कामाला कमी लेखणारा तो नव्हता, पण पाचव्या जागेकडे पाठ करून बसायला लागल्यापासून त्याचे जेवण निम्म्यावर आले, हे त्याच्या बायकोने, सकवारबाईने, दोन दिवसांत ओळखले.

काम करायची त्याची एक रीत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, गाडी पळवायची, काय झाले ते बघायचे, मगच दुसरीला हात घालायचा. घाईने चार गोष्टी एकदम बदलणाऱ्यांना तो म्हणे, गाडी बरी झाली तरी कशाने झाली ते कळणार नाही, आणि न कळता बरी झालेली गाडी पुन्हा आजारी पडते.

त्या रीतीप्रमाणे त्याने पहिल्यांदा रेडिएटर काढून उलटा धुतला. थोडी माती निघाली, बाकी स्वच्छ. गाडी पळवली, तापली. पाण्याचा पंप उघडला, ठीक होता. गाडी पळवली, तापली. ठिणगीची वेळ तपासली, बरोबर होती. हेडखालचे गॅस्केट फुटले असेल तर पाण्यात बुडबुडे येतात. इंजिन चालू ठेवून तो रेडिएटरच्या तोंडाशी अर्धा तास बघत बसला. एकही बुडबुडा नाही. म्हणजे घासलेले हेड चोख बसले होते. हे त्याला कळले, पण दत्ताजीरावांना दाखवायला हातात काही नव्हते. जे नाही ते दाखवायचे कसे?

या सगळ्यात एक गोष्ट त्याला खटकली. माउंट रोडच्या गर्दीत, बस आणि सायकलरिक्षांच्या मागे उभी असताना गाडी शांत असे. पाण्याचा काटा जागेवर. खरे तर उलटे व्हायला हवे. रेडिएटरमध्ये दोष असलेली गाडी गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर वारा लागला की निवते. ही उभी असताना थंड आणि पळताना गरम. आणि पळतानाही साध्या चालीत नाही. पूर्ण दाबून पळवली तरच.

पोंगल झाल्यावरच्या गुरुवारी सकाळी त्याने व्यासराजांना रेड हिल्सच्या रस्त्यावर गाडी काढायला लावली. कोर्टाला अवकाश होता. हवेत अजून गारवा होता. तळ्याच्या पुढे रस्ता सरळ लागल्यावर राणोजी शेजारच्या आसनावर डोळे मिटून बसला.

"राणोजीराव, झोपलात की काय?" व्यासराजांनी विचारले.

"ऐकतोय. वरच्या गिअरात घ्या आणि पन्नासावर धरा. हळू, ओढू नका."

पन्नासावर इंजिनाचा एक सूर लागला. राणोजीने तो ओठ मिटून गुणगुणून धरला. हा षड्ज मानला, तर वेग दीडपट झाल्यावर, म्हणजे पंचाहत्तरावर, सूर बरोबर पंचमावर जायला हवा. चाके आणि इंजिन गिअरने एकमेकांना बांधलेली असतात. एक वाढले की दुसरे तेवढ्याच पटीने वाढणार. यात गाण्याचा काही चमत्कार नाही, हिशेबच आहे. इंजिनाचे फेरे दाखवणारे मापक विलायतेहून मागवले होते, ते अजून आले नव्हते. तोवर कान होते.

"आता पूर्ण दाबा. पंचाहत्तर झाले की सांगा."

गाडी ओरडत पुढे झेपावली. सूर चढला, पंचमावर आला आणि तिथे थांबला नाही.

"पंचाहत्तर," व्यासराज ओरडून म्हणाले.

सूर धैवतावर होता.

"काटा बघा. पंचाहत्तरच?"

"पंचाहत्तरच. काय झालं?"

"पाय काढा. परत पन्नासावर."

सूर मुकाट षड्जावर येऊन बसला. राणोजीने तोच प्रयोग आणखी दोनदा करायला लावला. दोन्ही वेळा तेच. साध्या चालीत सूर आणि काटा बरोबर. पाय दाबला की सूर पुढे पळतो आणि काटा मागे राहतो.

"साहेब," तो म्हणाला, "इंजिन नऊ मैलांची मेहनत करतंय आणि गाडी आठ मैल जातेय. मधला एक मैल कुठंतरी गळतोय. पाणी त्याच्यानं उकळतंय."

"गळतोय म्हणजे कुठं?"

"क्लच घसरतोय. इंजिनाची ताकद गिअरकडं नीट पोचत नाही. थोडाच घसरतो, म्हणून तुम्हाला पायाला कळत नाही."

"पण क्लच तर तुम्हीच बघून दिला होतात."

"होय," राणोजी म्हणाला. "म्हणून तो का घसरतो ते मला जास्त बघायला हवं."

शुक्रवारी त्याने गाडी, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर घेतली आणि पोटाखालचा पत्रा सोडला. पत्रा खाली घेताना जड लागला. आत बोटभर काळे, घट्ट तेल साचले होते, त्यात धूळ कालवून चिखल झाला होता. क्लचच्या घराला खाली एक भोक असते. आत तेल आलेच तर त्यातून ठिबकून जमिनीवर डाग पडावा आणि माणसाला कळावे म्हणून. डाग पडत होता, पण जमिनीवर नाही, राणोजीने ठोकलेल्या पत्र्यावर.

मग त्याने गिअरबॉक्सच्या कुशीतला पातळीचा बूच सोडला. तेल बरोबर असेल तर तिथून एखादा थेंब येतो. इथून धार लागली. खाली ठेवलेली परात भरली, दुसरी ठेवावी लागली. गिअरबॉक्समध्ये असायला हवे त्याच्या जवळजवळ दुप्पट तेल होते. जास्तीचे तेल पुढून क्लचवर जात होते आणि तेलकट क्लच घसरत होता. पाणी का उकळते आणि क्लच का घसरतो ही दोन्ही कोडी एकदम सुटली, पण तिसरे उरले. त्याने स्वतः मापून घातलेले तेल दुप्पट कसे झाले?

उत्तर शनिवारी सकाळी स्वतःच्या पायांनी चालत आले. व्यासराजांच्या घरचे जुने ड्रायव्हर गुंडोमामा दारात उभे राहिले. वय पासष्टच्या पुढे. नुकतेच तेल लावून न्हालेले, शेंडीवर अजून शिकेकाईचा वास, कपाळावर ताजे गोपीचंदन. हातात पितळेची छोटी चोचदार तेलाची झारी.

"राणोजी, गाडी कुठं रे?"

"खड्ड्यावर आहे, मामा. काय काम?"

"काम काय. शनिवार ना आज. आपलं तेल-न्हाणं झालं, तिचं राहायला नको. घरी नाही म्हणून इथवर आलो."

राणोजीच्या हातातला पाना तसाच राहिला. "तिचं म्हणजे काय करता, मामा?"

"काय म्हणजे? वरचं झाकण काढून गिअरच्या डब्यात अर्धी वाटी घालतो. थोरल्या रायांच्या, वकिलांच्या वडिलांच्या, मोठ्या गाडीला वीस वर्षं घातलं. एक शनिवार चुकला नाही, म्हणून ती गाडी टिकली."

"ती गाडी मागून गळायची, मामा."

"गळायची तर. म्हणून तर घालायचं."

"ही गळत नाही."

"कोण सांगितलं? दर शनिवारी अर्धी वाटी पिते. मी घालतो आणि पुढच्या शनिवारी परत घेते. तहान नसती तर घेतली असती का?"

राणोजीला हसू आले आणि ते त्याने गिळले. म्हातारा चूक बोलत नव्हता. वीस वर्षे ज्या गाडीने जे मागितले ते त्याने दिले होते, आणि ही गाडीही मागते आहे असेच त्याला दिसत होते. ती पीत नव्हती, क्लचवर ओकत होती, हे पत्र्यामुळे त्याला दिसायची सोय नव्हती.

"आजचा दिवस राहू द्या, मामा. अजून उघडी आहे. बंद करताना मी मापून घालीन."

"सरि, बरं. पण विसरू नकोस. तुम्ही लोक वरवर चकचकीत करता, आतलं कोण बघतो?" असे म्हणून गुंडोमामा झारी सांभाळत निघून गेले.

आता राणोजीच्या हातात दाखवण्यासारखे होते. तेलाने काळवंडलेली क्लचची चकती, दोन पराती तेल आणि एक नाव. ते नाव घेतले की हेडचा ठपका जाईल, टेबल परत मिळेल. पण व्यासराजांचा राग तापट. आणि गेले वर्षभर घरात म्हाताऱ्याला विश्रांती द्यायची बोलणी चालू आहेत, हे गुंडोमामांनीच कधीतरी सांगितले होते. संध्याकाळी त्याने सकवारबाईला सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत होती.

"नाव घेतलं तर त्यांची नोकरी जाते. नाही घेतलं तर माझं टेबल."

"मग तेल आपोआप आलं म्हणून सांगणार?"

"तसं कसं सांगू?"

"तर खरं सांगा. पण अर्धं नको." तिने सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. "डाग लपवणारा पत्रा कुणी लावला? आणि गाडी देताना काय घालायचं, काय नाही, ते कुणाला सांगितलंत?"

"वकिलांना. हापिसात बसून."

"वकील घालतात का तेल?"

त्या रात्री राणोजीने पोटभर जेवण केले.

सोमवारी व्यासराज कोर्टात जाता जाता कारखान्यात आले. घरची दुसरी गाडी गुंडोमामाच चालवत होते. ते बाहेर गाडीशी उभे राहिले. राणोजीने बाहेर जाऊन त्यांना आत बोलावले. दत्ताजीराव आधीच टेबलाशी होते. राणोजीने चकती आणि परात समोर ठेवून काय झाले ते पहिल्यापासून सांगितले.

"म्हणजे हेडचा संबंध नाही," दत्ताजीराव म्हणाले.

"नाही."

"आणि हे तेल?" व्यासराजांनी विचारले. "तेल कुणी घातलं एवढं?"

"साहेब, सांगतो. आयुधपूजेला गाडी दिली तेव्हा पातळीचा बूच कुठं आहे, तेल कधी बघायचं, ते मी तुम्हाला हापिसात बसून सांगितलं. ज्यांच्या हातात गाडीचं तेलपाणी आहे ते बाहेर उन्हात उभे होते. त्यांना मी सांगितलं नाही. दुसरं, तेल ठिबकलं असतं तर पहिल्याच महिन्यात दिसलं असतं. माझ्या पत्र्यानं ते झाकलं. त्याला खाली भोक ठेवायला हवं होतं. तेल घरातल्या हातचं आहे, आंधळेपणा माझ्या हातचा."

गुंडोमामा पुढे आले आणि त्यांनी परातीत वाकून बघितले.

"एवढं?" ते म्हणाले. "हे सगळं मी घातलेलं?"

"मामा, तुम्ही?" व्यासराजांचा आवाज चढला.

"मीच. दुसरं कोण घालतो? दर शनिवारी. तुझ्या वडिलांच्या गाडीला घालायचो तेव्हा तू मागच्या सीटवर बसून बघायचास, आणि मीपण घालतो म्हणून रडायचास. एकदा घातलंसही. डब्यात कमी आणि माझ्या धोतरावर जास्त."

व्यासराज ओशाळून परातीवर वाकले. दत्ताजीराव खिडकीबाहेर बघू लागले. त्यांच्या मिशा हलत होत्या.

"पण पातळीचा बूच काय असतो, ते मला दाखव राणोजी," गुंडोमामा म्हणाले. "मोठ्या गाडीला तसला नव्हता. सांगितल्याशिवाय कसं कळणार?"

राणोजी त्यांना खड्ड्यात घेऊन गेला. त्याने बूच दाखवला, त्यांच्या हातात पाना देऊन त्यांनाच उघडायला लावला, त्यांनाच लावायला लावला. व्यासराज वर उभे राहून ऐकत होते. जाताना ते एवढेच म्हणाले, "दर शनिवारी बूच बघा, मामा. तेल नको." म्हातारा म्हणाला, "बघतो. बघायला काय."

दत्ताजीराव मात्र सहज सुटणारे नव्हते. "गोष्ट छान आहे," ते राणोजीला म्हणाले. "पण पट्टीवर गोष्टी पळत नाहीत. शर्यत होऊ दे."

पुढचे दिवस राणोजीने काम केले. गिअरबॉक्स उतरवला, फ्लायव्हील हे क्लचला लागून फिरणारे जड चाक पेट्रोलने धुऊन कोरडे केले, चकतीला नवे अस्तर रिव्हेटांनी बसवले, तेल पातळीपर्यंत मापून घातले. पत्र्याला क्लचच्या बरोबर खाली रुपयाएवढे भोक पाडले. हेडला हात लावला नाही. दत्ताजीरावांनी सुचवून पाहिले, की पातळ गॅस्केट काढून जाड घाल, दाब थोडा कमी होईल, जोखीम नको. राणोजी म्हणाला, "दोन गोष्टी बदलल्या तर कशानं बरी झाली ते कळणार नाही, राव." दत्ताजीराव म्हणाले, "बरी झाली तर मला कळायची गरजही नाही." पण आग्रह धरला नाही.

शर्यतीच्या रविवारी शोलावरमला ऊन कडक होते. विमानपट्टीचे सिमेंट तव्यासारखे तापले होते. नऊ गाड्या, दहा फेऱ्या. राणोजी कठड्याशी नाही, लांबच्या सरळ पट्टीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. तिथे गाड्या पूर्ण दाबलेल्या असत.

पहिल्या फेरीत हिरवी गाडी सहावी होती. ती समोरून गेली तेव्हा त्याने सूर मनात धरला. दुसऱ्या फेरीला तोच सूर. तिसरीला तोच. जिथे पहिल्यांदा वाफ उडाली होती ती तिसरी फेरी गेली, चौथी गेली. पाचव्या फेरीला एका गाडीचे चाक गेले आणि ती कडेला झाली. सहाव्या फेरीला हिरवी गाडी पाचवी. आपण गुणगुणतो आहोत हे राणोजीच्या लक्षात आले नव्हते. शेजारचा एक माणूस त्याच्याकडे विचित्र नजरेने बघून बाजूला सरकला. आठव्या फेरीला व्यासराज वळणावर जरा फार आत शिरले, गाडी मागून घसरली, गवतात एक चाक गेले, धूळ उडाली. धुळीतून सूर पुन्हा वर आला. तोच.

शेवटी ते चौथे आले.

राणोजी चालत परत येईपर्यंत लोक गाडीभोवती जमले होते. व्यासराज गॉगल कपाळावर सरकवून हसत होते, चेहरा काळा, दात पांढरे. गुंडोमामा बॉनेटवरची धूळ फडक्याने झटकत होते. दत्ताजीरावांनी सगळ्यांना बाजूला सारले आणि रेडिएटरच्या वरच्या टाकीवर तळहात ठेवला. आकडे मोजावेत तसा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"काय राव, कापी होईल का?" कोणीतरी विचारले.

"कापी होणार नाही," दत्ताजीराव म्हणाले. "अंघोळीला बरं आहे."

मग त्यांनी गर्दीत राणोजीला शोधले. "एन्नोरकडच्या एका डॉक्टरांची गाडी उद्या येणार आहे. इंजिन ठोकतंय. ती खिडकीखाली घे."

"साहेब आणणार आहेत की ड्रायव्हर?"

"ड्रायव्हर आणतो. का?"

"त्याला जाऊ देऊ नका," राणोजी म्हणाला. "आधी त्याच्याशी बोलायचंय."